एकदाच विचारणारी माणसं

“तुमच्या मुलीला कधीच काही नको असतं,” आस्त्रिद स्वयंपाकघरात आईला म्हणाली, आणि बाहेरच्या खोलीत पुस्तकात डोकं घालून बसलेली मी पुढचं ऐकायला थांबले. लाटण्याचा आवाज क्षणभर बंद झाला. “हो, पहिल्यापासून तशीच आहे ती. फार गुणी,” आई तिच्या सावध इंग्रजीत म्हणाली. आवाजात अभिमान होता. आस्त्रिदने माझं कौतुक केलं नव्हतं आणि तक्रारही केली नव्हती. एक गोष्ट पाहिली होती, ती सांगितली होती. आईला मात्र ती पावती वाटली, आणि रात्री जेवताना तिने ती बाबांना दोनदा ऐकवली.

त्या दिवशी आमच्या खालच्या मजल्यावर, आस्त्रिदच्या घरी लेफ्स चालले होते. नाताळाच्या आधी ती आणि तिच्या नॉर्वेच्या मैत्रिणी जमून ते करत. उकडलेला बटाटा किसून त्यात लोणी आणि मैदा मळायचा, पातळ लाटायचं, कोरड्या तव्यावर टाकायचं आणि एका लांब, चपट्या लाकडी पट्टीने उलटायचं. आई खाली काहीतरी परत करायला म्हणून गेली, दारात उभी राहून दोन मिनिटं बघत राहिली, आणि “अगं, ही तर बटाट्याची पोळी” असं मला मराठीत म्हणून वर जाऊन स्वतःचं लाटणं घेऊन आली. बेरित नावाची एक उंच, खणखणीत आवाजाची बाई होती, ती आईचा पहिला लेफ्स हातात धरून म्हणाली, “हा फारच गोल आहे. लोक म्हणतील दुकानातून आणला.” आई म्हणाली, “आमच्याकडे गोल झाली नाही तर सासू बोलते.” “नशीबवान आहात,” बेरित म्हणाली. “माझी सासू तर बोलतच नसे.” सगळ्या हसल्या. आईला परदेशात इतकं मोकळं हसताना मी फार क्वचित पाहिलं होतं, म्हणून ते मला अजून आठवतं.

बाहेर दुपारचं पांढरं ऊन होतं, इमारतीच्या पोहण्याच्या तलावाभोवतीच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. आस्त्रिदच्या घरात मात्र जाड पडदे ओढलेले, एसी अगदी खाली आणलेला आणि टेबलावर मेणबत्त्या लावलेल्या. डिसेंबर जवळ आला की दर गुरुवारी त्या हे असं करत. त्यांच्या गावी त्या दिवसांत दुपारीच अंधार पडतो. सिंगापूरमध्ये सूर्य वर्षभर सातच्या सुमाराला मावळतो, कुणासाठी लवकर नाही की उशिरा नाही. “थंडीशिवाय मी जगू शकते,” बेरित एकदा म्हणाली होती. “पण अंधाराची आठवण येते. घरी जाऊन हे सांगितलं तर तिथले लोक वेड्यात काढतील. ते सगळे सूर्यासाठी रडतात.” मग लोकरीचे मोजे घालून, मांडीवर विणकाम घेऊन, त्या विषुववृत्ताशेजारी बसून कॉफी पीत. आत येताना प्रत्येकजणी आस्त्रिदला “मागच्या वेळेबद्दल आभार” असं काहीतरी म्हणे. तशी त्यांची रीतच होती. भेटल्यावर आधीच्या भेटीचा हिशेब चुकता करायचा आणि मग बसायचं.

आम्ही बुकित तिमाहच्या त्याच इमारतीत, तिच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. पुण्याहून आलो तेव्हा मी सहावीत होते. बाबा एका बँकेत. सकाळी अंधारात निघून ते बेटाच्या दुसऱ्या टोकाला, चांगी बिझनेस पार्कला जात आणि परत येत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर फक्त बूट काढायची इच्छा उरलेली असे. आई पुण्यात शाळेत शिकवायची. इथे तिच्या पासवर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, तिला नोकरी करता येत नव्हती, म्हणून तिने सगळी शिकवण्याची हौस माझ्यावर आणि कुंडीतल्या कढीपत्त्यावर भागवली. घरात मराठी, मी मात्र उत्तरं इंग्रजीत द्यायचे. मराठी मला येत नव्हती असं नाही. मराठीत बोललं की आवाज वेगळा येई, लहानपणीचा, आणि त्या आवाजात काही लपवता येत नसे. इंग्रजीत, तिथल्या लोकांसारखा शेवटी “ला” जोडून, “इट्स ओके, ला” म्हटलं की विषय संपे. कॉलेजातल्या मुली म्हणत, सई इतकी शांत कशी, कँटीनमध्ये शेजारी बसली तरी कळत नाही. त्या वाईट नव्हत्या. पण सुट्टीच्या दिवशी कुणी फोन केला असं मला एकदाही आठवत नाही. दुपारी घरात तलावाच्या पंपाचा आवाज येई, कुणाच्या तरी घरातली मदतनीस बाई फोनवर तिच्या भाषेत बोलत असे, आणि झाडीतून कोकिळा. त्या कोकिळेला तिथले लोक कंटाळलेले असत, पहाटेपासून ओरडते म्हणून. मी कुणाला सांगितलं नाही की मला ती बरी वाटते.

आस्त्रिदची ओळख जिन्यात झाली. मी किल्ली विसरले होते, आई बाहेर गेली होती, आणि मी पायरीवर बसून अभ्यास करत होते. ती वर येत होती. लिफ्ट असताना ती जिनाच चढायची. पांढरे आखूड केस, पुरुषी घड्याळ. “माझ्याकडे बस. शांत आहे,” ती म्हणाली, आणि मला काय उत्तर द्यायचं ते सुचेपर्यंत दार उघडं ठेवून आत गेली, म्हणून मी गेले. तिने पाव कापला, त्यावर तपकिरी रंगाचं, खव्यासारखं दिसणारं चीज पातळ सोलून ठेवलं, बशी माझ्यापुढे केली आणि विचारलं, “भूक लागली आहे?” मला भयंकर भूक लागली होती. “नो, नो, इट्स ओके,” मी म्हणाले. “बरं,” ती म्हणाली आणि बशी उचलून स्वतः खायला बसली.

हे वाचणाऱ्या मराठी माणसाला मला काय झालं ते समजावून सांगायला नको. आपल्याकडे पहिलं “नको” हे काही उत्तर नसतं. ते उत्तराआधीचं खाकरणं असतं. यजमानीण म्हणते, असं कसं, थोडं तरी, आपण म्हणतो, अहो खरंच नको, ती वाढतेच, मग आपण संकोचाने खातो आणि दोघांनाही बरं वाटतं. आई तर वाढताना कुणाचं “पुरे” तिसऱ्यांदाही ऐकायची नाही. त्या दिवशी मी ते गोडसर चीज दुसऱ्याच्या तोंडात जाताना बघत भूमितीची गणितं सोडवली. असं तीन-चारदा झाल्यावर एकदा मी तिला विचारलं, तुम्ही पुन्हा का विचारत नाही. तिने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, जसं एखाद्याने पाण्याला ओलं का म्हणतात असं विचारावं. “तू नाही म्हणालीस ना. पुन्हा विचारलं तर त्याचा अर्थ मी तुला खोटारडी समजते.” पुढच्या वेळी तिने विचारलं तेव्हा मी “हो” म्हणाले. हा एवढासा शब्द, पण कान गरम झाले. सवय मात्र लागली नाही. दहातल्या सात वेळा माझं “नको”च आधी बाहेर पडे.

तिला हाक काय मारायची हा दुसरा प्रश्न. सिंगापूरमध्ये भाजीवालीपासून बसमधल्या बाईपर्यंत सगळ्या आँटी. तिला एकदा आँटी म्हणाले तर ती म्हणाली, “मी तुझ्या आईची बहीण नाही. माझं नाव आस्त्रिद.” आजीच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं माझ्या जिभेला जमेना, म्हणून जवळजवळ दीड वर्ष मी तिला कशानेच हाक मारली नाही. तिच्या समोर जाऊन उभी राहायची आणि तिने बघायची वाट पाहायची. आज तिच्याबद्दल लिहिताना तिचं नाव असं सरसकट लिहिते आहे, तर अजूनही जरा चोरट्यासारखं वाटतं.

गुरुवारच्या बायका बहुतेक नवऱ्यांच्या मागून आलेल्या. जहाजं, तेलाच्या विहिरी, असल्या नोकऱ्या. “दोन वर्षांसाठी आले होते,” हे वाक्य त्यातल्या प्रत्येकीकडे होतं, आणि ते म्हणताना प्रत्येकजणी खिडकीकडे बघायची, जणू ती दोन वर्षं तिथे बाहेर उभी आहेत. आस्त्रिद कुणाच्या मागून आली नव्हती. एकोणिसाव्या वर्षी ती मालवाहू जहाजावर तारयंत्र चालवायला लागली होती. त्या काळी त्यांच्याकडे बऱ्याच मुली हे काम करत, हे तिने सांगितल्याशिवाय मला कधी कळलं नसतं. तीस पुरुषांत ती एकटी. निघताना तिचे वडील शेतातून आले नाहीत. आई धक्क्यावर आली आणि एवढंच म्हणाली की मोजे घेतलेस ना. “तुम्हाला रडू आलं?” मी विचारलं. “तेव्हा नाही. पुढे दोन बंदरं गेल्यावर, बटाटे सोलताना. तेही माझं काम नव्हतं. आचाऱ्याला मदत करत होते, कारण माझ्याशी बोलणारा तो एकच होता.”

तिचं काम म्हणजे इतरांच्या घरच्या गोष्टी आधी ऐकणं. कुणाला मुलगा झाला, कुणाचे वडील गेले, हे त्या माणसाच्या आधी तिला कळे. कानाला यंत्र लावून एकेक अक्षर उतरवून घ्यायचं आणि मग तो कागद घेऊन डेकवर त्या माणसाला शोधत जायचं. “ते माझ्या चालण्यावरून ओळखायचे,” ती म्हणाली. “हळू चालत आले की हातातलं काम ठेवून द्यायचे.” हे ती उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करता करता सांगत होती. मग म्हणाली की एकदा असंच अक्षर अक्षर उतरवत होती आणि अर्ध्यात कळलं की हे तिलाच आहे. तोवर तिचं इथल्याच एका जहाज कंपनीतल्या माणसाशी लग्न ठरलं होतं. तिच्या आईने तारेने कळवलं होतं, वाटलं तर घरी ये. तिने तिथल्या तिथे, स्वतःच्या हाताने उत्तर ठोकलं, मी इथे ठीक आहे.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. तिने विचारलं, मी उत्तर दिलं.”

“पुन्हा नाही विचारलं त्यांनी?”

तिने अभ्रा उलटा केला आणि त्याची दुसरी बाजू फार वेळ, गरज नसताना, दाबत राहिली. “नाही,” ती म्हणाली. “ती सभ्य बाई होती.” मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला वाटलं, विषय संपला. आता माझं वय वाढल्यावर त्या इस्त्रीखाली काय दाबलं जात होतं ते थोडंसं कळतं. नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती. गावाकडचं घर भावाच्या मुलांकडे गेलं होतं. पुन्हा कुणी विचारलं असतं तर ती गेली असती का, हे मी तिला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं याची मला खात्री आहे, म्हणूनच विचारलं नाही.

लेफ्सच्या दिवसानंतर पंधरा दिवसांनी बाबा लवकर घरी आले. लवकर म्हणजे उजेडात. बूट न काढता ते सोफ्यावर बसले आणि म्हणाले की त्यांचा विभाग हलवतायत, आणि हलवतायत कुठे तर पुण्याला. नोकरी जात नव्हती, फक्त ती आम्हाला उचलून परत नेऊन ठेवत होती. “चला, बरं झालं,” आई पहिल्या श्वासात म्हणाली. दुसऱ्या श्वासात तिने माझ्याकडे पाहिलं. माझं ज्युनियर कॉलेजचं, आपल्या बारावीसारखं, दुसरं आणि शेवटचं वर्ष जानेवारीत सुरू होणार होतं. पुण्यात गेले तर तिथली अकरावी पहिल्यापासून, वेगळा अभ्यासक्रम, वेगळी परीक्षा. बाबा गेले की माझा पासही जाणार. राहायचं तर विद्यार्थ्याचा पास काढायचा आणि इथलं कुणीतरी मोठं माणूस माझी जबाबदारी घ्यायला हवं. बुकित पंजांगला बाबांचे एक मित्र होते, पण त्यांच्याकडे दोन लहान मुलं आणि गावाकडून आलेले आईवडील. “त्यांना कसं विचारायचं?” बाबा म्हणाले. मला कुणी विचारलं नाही असं नाही. “तुला काय वाटतं गं?” आई म्हणाली. “एनीथिंग. यू डिसाइड,” मी म्हणाले.

दोन दिवसांनी आस्त्रिद वर आली. कुणाकडून कळलं होतं माहीत नाही, बहुधा आईनेच जिन्यात सांगितलं असेल. ती आत आली नाही, दारातच उभी राहिली. आई चहा टाकायला वळली तर म्हणाली, चहा नको, आणि आईने तरीही टाकला. “माझ्याकडे एक लहान खोली आहे,” आस्त्रिद म्हणाली. “पार्किंगच्या बाजूची. सईची परीक्षा होईपर्यंत ती तिथे राहू शकते. कागदांवर सही लागेल ती मी करेन.” बाबा उभे राहिले. “नो, नो, मॅडम, हाऊ कॅन वी ट्रबल यू,” ते म्हणाले, दोन्ही हात पुढे करून. आई म्हणाली, “तुमचं वय झालं, तुम्हाला कशाला उगाच त्रास.” मग आस्त्रिदने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काही आर्जव नव्हतं. ती फक्त थांबली होती, यंत्र कानाला लावून थांबतात तशी. माझ्या तोंडून बाहेर पडलं, “इट्स ओके. थँक यू.” “बरं,” ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली. चहा ओट्यावर तसाच राहिला.

“बाई चांगली आहे,” बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी मोकळेपणा आला होता. “एकदम हो कसं म्हणायचं. दोन दिवसांत परत विचारतीलच, तेव्हा नीट बोलू.” आईने मान डोलावली. दोन दिवस गेले. मग आठवडा गेला. आई मुद्दाम जिन्याने जायला लागली. एकदा तिला भेटून आली तेव्हा तोंड उतरलं होतं. “हवापाण्याचं बोलल्या. खोलीचं एक अक्षर नाही. तोंडदेखलं विचारलं होतं बघा. मनापासून असतं तर माणूस परत विचारतं.” बाबा म्हणाले, “जाऊ दे. परकी माणसं.” त्या घरात ती मनापासून होती की नाही हे नक्की माहीत असलेली एकटी मी होते. एका वाक्यात सांगता आलं असतं, आई, त्या परत विचारत नसतात. पण ते वाक्य बोललं की पुढचंही बोलावं लागलं असतं, की मला तुमच्याबरोबर यायचं नाही. घरभर खोके झाले होते. आई माझे जुने स्वेटर घडी घालून म्हणत होती, पुण्यात लागतील. मी टेपची गुंडाळी धरून उभी राहायची आणि ती कापायची.

नाताळाच्या आधीच्या गुरुवारी आईने बेसनाचे लाडू केले आणि निरोप घ्यायचा म्हणून मला घेऊन खाली गेली. पडदे ओढलेले, मेणबत्त्या, मोजे, सगळं नेहमीसारखं. बायकांनी आईला जागा करून दिली. एकीने आईने आग्रह केला म्हणून दुसरा लाडू घेतला आणि मग तो हातात धरून काय करावं न कळून बसली. बेरित, आई होती म्हणून, इंग्रजीत म्हणाली, “आस्त्रिद, माझी भाची जानेवारीत येते आहे. पहिल्यांदाच घर सोडते आहे, घाबरली आहे. तिला तुझी लहान खोली देतेस? रिकामीच आहे ना?”

“रिकामी आहे,” आस्त्रिद म्हणाली. तिने कुणाकडेच पाहिलं नाही. थर्मासमधून कपात कॉफी ओतली, कप भरला, तिने थर्मासचं झाकण लावलं, ते नीट बसलं आहे का पाहिलं. आई माझ्या कानाशी पुटपुटली, “बघ. झालं की नाही.” त्या आवाजात चीड होती, आणि चिडीच्या खाली सुटकाही होती. मला दोन्ही ऐकू आलं. बेरित उत्तराची वाट बघत होती.

“आस्त्रिद,” मी म्हणाले. पहिल्यांदाच. सगळ्यांच्या सुया थांबल्या, निदान मला तसं वाटलं. “मी नको म्हणाले होते. ते खरं नव्हतं. मला ती खोली हवी आहे.”

“बरं,” आस्त्रिद म्हणाली. बेरितने खांदे उडवले, “भाचीला मी माझ्याकडे सोफ्यावर झोपवेन, तिला काय होतंय,” आणि पुन्हा विणायला लागली. एवढंच. जे इतके दिवस माझ्या छातीवर बसलं होतं ते त्यांच्या टेबलावर एखादी बशी सरकवावी इतकं सोपं निघालं. मग आस्त्रिद म्हणाली, “पण हे मला सांगून पुरणार नाही,” आणि माझ्या नि आईच्या मध्ये असलेला कप तिने आपणच बाजूला घेतला.

आई माझ्याकडे बघत होती. तिच्या बोटांना बेसन लागलं होतं. मला वाटलं, ती आता म्हणेल, असं कसं, एकटी कशी राहशील, जेवणाचं काय, बाबांना काय वाटेल. आणि मी एकेका प्रश्नाला थोडीथोडी मागे सरकत जाईन आणि शेवटी “ओके, ला” म्हणेन. तिने त्यातलं काही म्हटलं नाही. त्या सगळ्या अनोळखी बायकांसमोर, हळू आवाजात, तिने मराठीत एवढंच विचारलं, “तुला खरंच इथं राहायचंय, सई?”

ती वाट बघत राहिली.

“हो आई,” मी मराठीत म्हणाले, त्या लहानपणीच्या आवाजात. “मला राहायचंय. तुमच्याशिवाय मला करमणार नाही, पण मला राहायचंय.”